कुरळ्या केसांचा कुत्रा घरी असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉय पूडल, मिनिएचर पूडल, माल्टीपू, कॉकापू, बिशॉन अशी कुरळ्या केसांची मंडळी आता पुण्या-मुंबईतच नाही तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या फ्लॅटमध्येही आलीयेत, आणि त्यांच्या केसांबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. उत्तरं मुख्यतः पूडल आणि पूडलच्या मिक्सेससाठी (माल्टीपू, कॉकापू ही त्यातलीच) आहेत. त्वचेवर जखम, पू, घाण वास असं काही असेल तर आधी व्हेटकडे जा, मग हे वाचा.

१. पूडल केस गाळत नाही म्हणून तर घेतला, मग रोज विंचरायचं कशाला?

केस गळतात हो, फक्त खाली पडत नाहीत. पूडलचा केस बराच काळ वाढत राहतो, आपल्या डोक्याच्या केसांसारखा, आणि जो सुटतो तो कुरळेपणामुळे शेजारच्या केसात अडकून बसतो. लॅब्रॅडॉरचे केस सोफ्यावर दिसतात, पूडलचे त्याच्याच अंगावर राहतात आणि त्यांचाच गुंता होतो, गुंत्याची जट होते. जट हा दिसण्याचा प्रश्न नाहीये, कातडी चोवीस तास ओढली जाते, खाली हवा लागत नाही, घाम नसला तरी ओल राहते आणि खाज, लाली, जखमा सुरू होतात. म्हणून केस लांब ठेवायचे असतील तर रोज, बारीक कापलेले असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा विंचरायचंच.

२. कोणता ब्रश घेऊ? दुकानात दहा प्रकार दाखवतात.

दोनच वस्तू लागतात. एक स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा चौकोनी ब्रश, आणि एक स्टीलचा कंगवा ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. स्लिकर घ्यायच्या आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा, ओरखडे उठले तर त्यालाही उठणार. रबरी हातमोजे, लॅब-जर्मन शेफर्डसाठीचे आतले केस ओढून काढणारे ब्लेडवाले ब्रश, यावर पैसे घालवू नका, ते या केसांसाठी नाहीत आणि ब्लेडवाला तर चांगले केस पण तोडतो.

३. आम्ही रोज ब्रश करतो तरी ग्रूमर म्हणतो आत सगळ्या जटा आहेत. असं कसं होईल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा ग्रूमर खरं बोलत असतो. वरून ब्रश फिरवला की वरचे दोन सेंटीमीटर छान फुलतात, कुत्रा टेडीसारखा दिसतो, आणि कातडीजवळ मात्र चटईसारखा थर तयार होत जातो जो बोटांनी दाबल्याशिवाय कळतच नाही.

करायचं असं. कुत्र्याला एका कुशीवर झोपवा किंवा घसरणार नाही अशा टेबलावर उभं करा. पायापासून सुरुवात करा, वर जा. एका हाताने केस वर उचलून धरा म्हणजे खाली कातडीची एक रेघ दिसेल, त्या रेघेवरचे थोडेसे केस स्लिकरने हलक्या हाताने खाली विंचरा, मग हात किंचित वर सरकवून पुढची रेघ. कातडी दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. ब्रश दाबायचा नाही आणि एकाच जागी शंभरदा फिरवायचा पण नाही, तारांनी कातडी लाल होते आणि मग तो ब्रश बघूनच पळतो. ब्रश झाला की त्याच जागी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत घाला. कंगवा अडकला म्हणजे ती जागा झाली नाही, कितीही फुललेली दिसत असली तरी. माझं मत विचाराल तर ब्रश एक दिवस राहिला तरी चालेल पण कंगवा राहू देऊ नका.

जटा कुठे आधी होतात ते पाठ करून ठेवा: कानांच्या मागे, काखेत, हार्नेस आणि पट्ट्याखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी आणि हनुवटीखाली जिथे पाणी पिताना ओलं होतं. वेळ नसेल त्या दिवशी निदान एवढ्या जागा करा. आणि घरात हार्नेस काढून ठेवा, दिवसभर घालून ठेवायचं काही कारण नसतं.

४. आंघोळ किती दिवसांनी? आमच्याकडे सासूबाई म्हणतात दर रविवारी घाला.

तीन ते चार आठवड्यांनी पुरते. चिखलात लोळला, कशात तरी तोंड घातलं तर मध्ये एखादी जास्त. दर रविवारी घालायला हरकत तेव्हाच नाही जेव्हा दर रविवारी आधी पूर्ण विंचरणं आणि नंतर पूर्ण वाळवणं दोन्ही होणार असेल, आणि ते बहुतेक घरांत होत नाही. पावसाळ्यात फिरून आल्यावर रोज पूर्ण आंघोळ नको, पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा आणि तेवढंच नीट वाळवा.

५. आंघोळीनंतरच जास्त गुंता होतो, शॅम्पू बदलू का?

शॅम्पूचा दोष कमी असतो, क्रमाचा जास्त असतो. कोरड्या केसातला सैल गुंता पाण्याने आवळतो आणि वाळला की घट्ट जट बसते. आधी विंचरणं, कंगवा सगळीकडून सरळ जातोय हे बघणं, मगच पाणी. आंघोळ घालताना केस गोल गोल चोळायचे नाहीत, वरून खाली हात फिरवायचा. शॅम्पू बाटलीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यात पातळ करून घ्या, म्हणजे कातडीपर्यंत पोचतो आणि निघतो पण लवकर. नंतर कुत्र्यांचं कंडिशनर लावा, कुरळ्या केसांना त्याचा खरंच फरक पडतो.

ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं त्यांनी धुवायला दुप्पट वेळ द्या. शॅम्पूचा अंश राहिला की खाज येते आणि केस चिकट वाटतात. शक्य असेल तर शेवटचे दोन-तीन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या. केस पुसताना टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपून घ्या.

६. माणसांचा बेबी शॅम्पू, शिकेकाई, डेटॉलचं पाणी, कडुनिंबाचा साबण, यातलं काय चालतं?

रोजच्या वापराला यातलं काहीच नको. कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा असतो, आपल्या शॅम्पूने ती कोरडी पडते. अंगाचा साबण तर अजून वाईट, केस राठ होतात. शिकेकाई डोळ्यात गेली तर आग होते आणि दाट कुरळ्या केसातून तिचा चोथा निघता निघत नाही. डेटॉल मुळीच नको, कातडी भाजल्यासारखी होऊ शकते आणि तो अंग चाटतो म्हणजे ते पोटात जातं. टी ट्री ऑइल असलेलं काहीही आणू नका, कुत्र्यांना ते विषारी आहे, नैसर्गिक म्हणून विकतात तरी. कुत्र्यांसाठीचा साधा, कमी वासाचा शॅम्पू घ्या, औषधी शॅम्पू फक्त व्हेटने सांगितला तर आणि तो जितकी मिनिटं अंगावर ठेवायला सांगितलाय तितकी ठेवून.

७. ड्रायरला घाबरतो, उन्हात वाळवला तर?

नागपूरच्या मे महिन्यात वरून वाळेल लवकर, पण आपोआप वाळलेला कुरळा केस जसा आहे तसा आकसून वाळतो आणि आत गुंता. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, हवेतच इतकी ओल असते की दाट केस कातडीजवळ तासन्‌तास ओले राहतात, मग कुबट वास, यीस्टचं इन्फेक्शन, एका रात्रीत लालभडक ओली जखम ज्याला व्हेट हॉट स्पॉट म्हणतात. त्यामुळे ड्रायर लागतोच.

आपला केसांचा ड्रायर चालेल पण थंड किंवा अगदी कोमट सेटिंगवर, हलता ठेवून, आणि आपला दुसरा हात कायम त्याच जागी, आपल्याला चटका लागला तर त्याला लागतोय. एका हाताने हवा, दुसऱ्याने स्लिकर, केस सरळ होत होत वाळतात आणि मग आठवडाभर गुंता कमी होतो. घाबरणाऱ्याला आधी बंद ड्रायर दाखवून खाऊ द्या, मग दुसऱ्या खोलीत चालू करून खाऊ द्या, मग जवळ. हे काही दिवसांचं काम आहे, धरून बांधून एका दिवसात करायचं नाही. तोंडावर आणि कानात सरळ हवा मारू नका. सगळ्यात शेवटी वाळतात काखा, पंज्यांची बेचकी आणि कानाखालचा भाग, तिथे बोट घालून बघा.

८. जट पडलीच आहे, कात्रीने कापून टाकू का?

कात्री नको, कृपया नको. जट वर ओढली की पातळ कातडी पण तिच्यासोबत वर येते आणि केस समजून कातडी कापली जाते, व्हेटकडे टाके घालायला येणाऱ्यांमध्ये हे नेहमीचं आहे. जट लहान असेल, सुपारीएवढी, तर डिटँगलिंग स्प्रे किंवा कंडिशनरचं पातळ पाणी मारा, नसेल तर कॉर्नफ्लॉवर भुरभुरा, बोटांनी दोन भाग करा, मग चार. मुळाशी केस चिमटीत घट्ट धरून ठेवा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि टोकाकडून कंगव्याचा कोपरा घालत आत या. पाच-सात मिनिटांत सुटत नसेल तर सोडा. ती जट क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने काढायची, त्यासाठी प्रश्न ९ आणि ११ बघा.

९. ग्रूमर म्हणतो सगळ्या अंगाचे केस अगदी बारीक कापावे लागतील. तासभर जास्त घेऊन सोडवता येणार नाही का? केस परत येतील ना?

जटा सगळीकडे एकमेकींना जोडून घोंगडीसारख्या झाल्या असतील तर सोडवणं म्हणजे त्याला तासन्‌तास वेदना देणं. मी अशा वेळी कायम बारीक कापण्याच्या बाजूने असते, केस दोन-तीन महिन्यांत चांगले येतात, भीती मात्र जात नाही. खालची कातडी लाल, कोंडा आलेली, कधी जखमा झालेली निघू शकते, ते ग्रूमरने केलं असं लगेच धरू नका, बऱ्याचदा ते आधीच जटेखाली असतं. कानांच्या जड जटा काढल्यावर तो जोरात डोकं झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं, तेव्हा पहिले एक-दोन दिवस कान फुगलाय का बघत राहा, फुगला तर लगेच व्हेट. आणि उघड्या कातडीला ऊन आणि एसीची थंडी दोन्ही लागतात, पहिले काही दिवस सांभाळा.

१०. उन्हाळा आला की दरवर्षी झीरो मारतो, बरोबर आहे ना?

बारीक कापा, पण झीरो नको. पूडलला आतला वेगळा दाट थर नसतो त्यामुळे केस छोटे केल्याने नुकसान नाही, उलट विंचरणं सोपं होतं. पण कातडी दिसेपर्यंत कापलं तर ऊन थेट लागतं, भाजतं, विशेषतः पांढऱ्या आणि क्रीम रंगाच्यांना. अर्धा ते एक सेंटीमीटर ठेवलं की पुरे. पॉमेरेनियन, हस्की, गोल्डन यांना हा नियम लावू नका, त्यांचे दोन थर असतात आणि झीरो मारल्यावर केस नीट परत येत नाहीत असंही होतं.

११. घरी क्लिपर चालवायचाय, कोणतं ब्लेड?

कुत्र्यांचाच क्लिपर घ्या, दाढीचा ट्रिमर या दाट केसात अडकतो आणि ओढतो. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका केस बारीक कापला जातो, इथे खूप जण उलटं समजतात. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, ७एफ सुमारे ३, ५एफ सुमारे ६ आणि ४एफ सुमारे ९ मिलिमीटर. नवख्या हाताने अंगावर ४एफ किंवा ५एफने सुरू करावं. पोट, गुदद्वाराजवळची जागा आणि पंज्याखाली १०. जटांच्या खालून जायचं असेल तर पण १०च, कारण लांब ब्लेडचे दात जटेत शिरतच नाहीत आणि विरळ दातांत कातडीची घडी सापडते.

जटा काढणं सोडलं तर क्लिपर धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या, कंगवा सरळ जाणाऱ्या केसांवरच चालवा, केसांच्या दिशेने, ब्लेड कातडीला सपाट ठेवून. उलट्या दिशेने तेच ब्लेड जास्त बारीक कापतं. दर काही मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघा, गरम झालं असेल तर थांबा, भाजल्याच्या खुणा दुसऱ्या दिवशी दिसतात. काखेत, मांडीच्या घडीत, स्तनाग्रांजवळ आणि कानाच्या कडेला कातडी ताणून धरा. तोंडाचं काम पहिल्यांदा ग्रूमरकडूनच करून घ्या आणि बाजूला उभं राहून बघा.

१२. पिल्लू होतं तोवर काही त्रास नव्हता, आता ९ महिन्यांचा आहे आणि रोज नवीन जटा. काही आजार आहे का?

आजार नाही, पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणाचे दाट केस येतायत. साधारण ८ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कधीतरी हे होतं आणि काही महिने चालतं. या काळात केस छोटे ठेवा आणि रोज विंचरा, नंतर परत वाढवता येतात. पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून, जट असो नसो, रोज दोन मिनिटं ब्रश, पंजे हातात धरणं, कानाला हात, कंगव्याचा स्पर्श, आणि खाऊ, ही सवय लावली असेल तर हे महिने निभतात.

१३. कानातले केस उपटायचे का? एक व्हेट हो म्हणतो, दुसरा नाही.

दोघांचं मत वेगळं असू शकतं, व्हेट लोकांमध्येच यावर एकमत नाहीये. कान स्वच्छ, वास नाही, डोकं झटकत नाही तर कशाला छेडता, उपटल्याने आत बारीक सूज येऊन उलट इन्फेक्शन होऊ शकतं. ज्याला वारंवार कानाचा त्रास होतो आणि केसांनी नळी बुजलीये त्याचे व्हेटच्या सांगण्यावरून काढा. कानाच्या तोंडाशी आलेले केस छोटे करायला हरकत नाही. इअरबड आत घालू नका.

१४. पांढऱ्या माल्टीपूच्या डोळ्याखाली तपकिरी डाग, काय लावू?

अश्रूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याने तो डाग पडतो. रोज दोनदा कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसा आणि कोरडं करा, डोळ्यात टोचणारे केस ग्रूमरकडून छोटे करून घ्या. पाणी अचानक वाढलं, डोळा बारीक करतोय, चिकट येतंय तर व्हेट. डाग घालवायच्या काही पावडरींमध्ये अँटिबायोटिक असतं, ती विचारल्याशिवाय देऊ नका. लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ अजिबात नाही.

१५. फरशीवर सारखा घसरतो, याचा केसांशी काही संबंध आहे?

बऱ्याचदा आहे. तळव्याच्या गाद्यांमधले केस वाढून गादीवर आले की गुळगुळीत टाइल्सवर पकड राहत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी गाद्यांच्या पातळीला सपाट कापा. नखं पण बघा, ती लांब असतील तरी घसरतो. केस कापूनही घसरत असेल तर गुडघ्याची वाटी सरकतेय का ते व्हेटला दाखवा, छोट्या पूडलमध्ये ते पुष्कळ दिसतं.

१६. दाट केसांत गोचीड दिसतच नाही, कशी शोधायची?

डोळ्यांनी नाही, बोटांनी. फिरून आल्यावर कानाच्या आत-बाहेर, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात बोटांची टोकं कातडीवर फिरवा, मुगाच्या दाण्यासारखं लागलं की केस बाजूला करून बघा. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडी पेटवणं असलं काही नको. गोचिडीने एर्लिकिया, बबेसिया हे जीवघेणे ताप होतात, म्हणून आपल्याकडे वर्षभर औषध लागतं, गोळी की मानेवरचे थेंब ते व्हेट वजनावरून ठरवेल. थेंब असतील तर केस फाकवून कातडीवर पडले पाहिजेत, कुरळ्या केसांवर पडले तर वाया, आणि सहसा आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं काहीही आणू नका, मांजर मरू शकते. गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात घालून लावणं पण बंद करा.

१७. टेकडीवरून आला की अंगभर कुसळं आणि आघाडा. आणि होळीचा रंग? डांबर?

पावसाळा संपता संपता हे सुरू होतं. आघाडा, गोखरू कोरड्या केसांतूनच काढा, एकेक, बोटांनी, मग कंगवा. कुसळ जास्त वाईट, ते टोकाने कातडीत शिरतं आणि आत आत जातं. बोटांची बेचकी आणि कान त्याच संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी पंजा चाटत बसला किंवा डोकं एका बाजूला वाकडं धरलं तर व्हेट. टेकडीवर रोज जाणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पायाचे केस बारीकच ठेवावेत.

कोरडा रंग आधी झटकून, विंचरून काढा, मग पाणी, नाहीतर कातडीपर्यंत पसरतो आणि तो चाटतो. डांबर लागलं तर रॉकेल-टर्पेंटाइन नाही, खायचं तेल चोळून मऊ करा, पुसा, शॅम्पूने धुवा, नाहीतर तेवढे केस क्लिपरने काढा.

१८. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावलं तर?

या केसांना नको. धूळ चिकटते, केस एकमेकांना चिकटून जट लवकर होते, तो सगळं चाटून पोट बिघडवतो. तळवे फुटले असतील तर तिथे थोडंसं लावा. चमक खाण्यातून येते, चांगलं प्रोटीन आणि व्हेटने सांगितलं असेल तर फिश ऑइल.

१९. मुलाला अ‍ॅलर्जी आहे, पूडल चालेल ना?

खात्री कोणी देऊ शकत नाही. अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. घेण्याआधी मुलाला त्याच कुत्र्याजवळ बऱ्याचदा बसवून बघा आणि डॉक्टरांना विचारा. घेतल्यावर सोडून द्यायची वेळ आली तर दोघांचेही हाल होतात.

२०. चॉकलेटी, अ‍ॅप्रिकॉट घेतला होता, आता फिका पडलाय. फसवलं का?

बहुतेक नाही. पूडलमध्ये वयाबरोबर रंग फिका होत जाणं आनुवंशिक असतं, शॅम्पूने ते थांबत नाही.

२१. केस विरळ होतायत पण खाजवत नाही. विंचरण्याने होतंय का?

ब्रशने केस तुटतात, टक्कल पडत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच केस जात असतील, सुस्ती, वजन वाढणं, खूप पाणी पिणं असेल तर थायरॉइड किंवा कुशिंगची (अंगात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) तपासणी करून घ्या. स्टँडर्ड पूडलमध्ये तैलग्रंथींचा सिबेशियस अ‍ॅडेनायटिस नावाचा आजार होतो, केसांच्या मुळाशी पापुद्रे चिकटतात, केसांचा कुरळेपणा जातो, त्याचं निदान कातडीचा तुकडा तपासून होतं. गोल चट्टे असतील आणि घरात कुणाच्या अंगावर पण गजकर्णासारखं आलं असेल तर दोघांनीही आपापले डॉक्टर गाठा आणि त्याचा ब्रश बाजूला ठेवा.

२२. माझ्या आणि बहिणीच्या कॉकापूचे आईवडील एकच, पण तिच्याकडचा केस गाळतो आणि माझा नाही. असं का?

मिक्समध्ये प्रत्येक पिल्लाला वेगळे केस येऊ शकतात. कुणाचा पूडलसारखा घट्ट कुरळा, कुणाचा लाटांचा, कुणाचा आत दाट थर आणि वर कुरळा, आणि हा शेवटचा सगळ्यात जास्त गुंततो. त्यामुळे बहिणीचं वेळापत्रक तुम्ही घेऊ नका, प्रश्न ३ मधला कंगवा जितक्या दिवसांनी अडकायला लागतो त्याच्या एक दिवस आधी विंचरायचं. आतला थर असेल तर प्रश्न १० मधला पूडलचा नियम पण सरसकट लागू नाही, ग्रूमरला केस दाखवून ठरवा.

२३. आमची १३ वर्षांची आहे, उभी राहवत नाही, कंगवा लावला की कण्हते. तिचं कसं करू?

तिच्यासाठी सुंदर दिसणं आता सोडून द्या. अंगभर ५एफ किंवा ७एफने छोटे केस, म्हणजे विंचरायला जवळजवळ काही राहत नाही. झोपलेली असेल तेव्हा गादीवरच, एका वेळी एक पाय, उरलेलं उद्या. पाय बाजूला फाकवून वर उचलू नका, सांधे दुखतात, शरीराच्या खालीच थोडासा मागे वळवा. कण्हणं नवीन असेल तर आधी व्हेटकडे सांधे आणि पाठ दाखवा, दुखणं कमी करायचं औषध सुरू झालं की पुष्कळ म्हाताऱ्या परत शांत बसतात. आंघोळीपेक्षा ओल्या कापडाने पुसणं बरं, मागची बाजू मात्र रोज. आणि म्हाताऱ्या पूडलना अंगावर मस्से, म्हणजे चामखिळी येतात, केसांत दिसत नाहीत आणि ब्लेडने कापले गेले तर खूप रक्त येतं, म्हणून क्लिपर लावायच्या आधी सगळं अंग बोटांनी चाचपा आणि मस्से कुठे कुठे आहेत ते घरात जो कोणी क्लिपर धरणार असेल त्याला दाखवून ठेवा.